कारण घरपोच मिळेल

सुकेळी खिंड उतरून खांबला आलं की नाक्यावर आमच्या पंचक्रोशीतले एक संपादकसाहेब हमखास भेटतात. एक मोबाईल, एक बूम आणि पेणपासून रोह्यापर्यंतचे झाडून सारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एवढ्या भांडवलावर त्यांचं पोर्टल चालतं. रस्ता, पाणी, शाळा या विषयांत त्यांना फारशी गती नाही. त्यांचा हातखंडा एकाच गोष्टीत: आत्महत्येचं कारण.

कुणी जीव दिला की पोलीस पंचनामा करतात, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होतं, घरच्यांचे जबाब घेतले जातात. या सगळ्याला वेळ लागतो. साहेबांना लागत नाही. त्यांच्याकडे कारणांचा तयार माल असतो. शेतकरी असेल तर कर्ज, विद्यार्थी असेल तर मार्क, तरुण असेल तर प्रेमप्रकरण, सून असेल तर ‘क्षुल्लक कारण’. यातलं काहीच बसलं नाही तर ‘अज्ञात कारण’, पुढे तीन उद्गारचिन्हं. मग ‘टोकाचं पाऊल’, ‘एकच खळबळ’ आणि शेवटी ‘परिसरात हळहळ’. परिसराला कळायच्या आधीच त्याची हळहळ टाईप होऊन बसलेली असते.

मी म्हटलं, “साहेब, माणसाच्या मनात वर्षानुवर्षं काय काय साचतं. आजार असतो, एकटेपण असतं, दारू असते, वेळेवर न मिळालेले उपचार असतात. तुम्ही एका शब्दात कसं उरकता?”

“थंबनेलवर जास्त मावत नाही हो.”

साहेबांना नियम ठाऊक नाहीत, असं कुणी समजू नये. बातमी ठळक जागी नको, मथळा भडक नको, पद्धत सांगू नका, ठिकाणाचा तपशील नको, फोटो आणि व्हिडीओ नकोत, हे प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्येच सांगून ठेवलंय. साहेबांनी ते इतकं मन लावून वाचलंय की त्यांची बातमी नेमकी याच क्रमानं पुढे सरकते.

दोष एकट्या साहेबांचा नाही. शिक्षण मुंबईतलं आहे. १४ जून २०२० ला अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला आणि त्याच दिवशी मृतदेहाचे फोटो फिरवू नका म्हणून महाराष्ट्र सायबरला बजावावं लागलं. त्याच्या नावावर खोटी ट्वीट दाखवल्याबद्दल एका वाहिनीला १ लाखाचा दंड झाला. त्याच्या मृत्यूवरून एका अभिनेत्रीला रोज रात्री स्टुडिओत दोषी ठरवलं जात होतं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की स्वतंत्र नियम होईपर्यंत प्रेस कौन्सिलचेच नियम वाहिन्यांनाही लागू, आणि गेलेल्या माणसाला दुबळ्या मनाचा म्हणून रंगवू नका. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तेव्हा स्टुडिओतले न्यायाधीश दुसऱ्या खटल्यात व्यग्र होते.

आपल्या रायगडातही ऑगस्ट २०२३ मध्ये हेच पाहिलं. नितीन देसाई म्हणजे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले कलादिग्दर्शक. पण ते गेले, कर्जतजवळच्या त्यांच्या स्टुडिओबाहेर कॅमेरे लागले आणि कर्जाच्या आकड्यानं पुरस्कारांचा आकडा झाकून टाकला.

“याचा परिणाम होतो, साहेब,” मी नेट लावला. “१९८७ मध्ये व्हिएन्नातल्या वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्यांचा भडकपणा सोडला. सहा महिन्यांत तिथल्या अशा घटना निम्म्याहून खाली आल्या.”

“व्हिएन्नात व्ह्यूज मोजत असतील का?” साहेबांना खरंच कुतूहल वाटलं.

“निदान बातमीखाली १४४१६ तरी टाका. टेली-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतसुद्धा बोलतात.”

“खालची जागा बुक आहे,” म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला. कालच्या बातमीखाली एका बाबांची जाहिरात झळकत होती: प्रेमात अपयश, घरात कलह, धंद्यात नुकसान, चोवीस तासांत खात्रीशीर उपाय. खाली नंबर. म्हणजे जीव नकोसा झालेल्या वाचकानं फोन कुणाला करायचा, याची सोय साहेबांनी केली होतीच.

मी निराश होऊन उठणार, एवढ्यात खाली त्यांचीच आणखी एक बातमी दिसली, मुंबई-गोवा महामार्गाची. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्यावरची. मथळा सौम्य. बातमी चार ओळींची, अगदी तळाला. ठेकेदाराचं नाव नाही, फोटो नाही, कुणावर ठपका नाही. काम कशामुळे रखडलं, यावर घाईनं निष्कर्ष काढलेला नाही. ‘अनेक गुंतागुंतीची कारणं असू शकतात’ असं संयमानं म्हटलेलं. कुटुंबीयांच्या खासगीपणाचा तर पुरेपूर मान राखलेला. प्रेस कौन्सिलनं फ्रेम करून भिंतीवर लावावी अशी बातमी!

तेव्हा साहेबांना नव्यानं काही शिकवायची गरज नाही. त्यांनी फक्त दोन फायलींची अदलाबदल करावी. गेलेल्या माणसाला ठेकेदाराची वागणूक द्यावी, आणि ठेकेदाराला तासाभरात कारण विचारावं, उद्गारचिन्हांसकट.