एका दिवसात महाबळेश्वर

महाबळेश्वरची एका दिवसाची सहल पुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फार सुरेख पार पडते. पहाटे पाचला निघायचं, साडेसातला वाईत मिसळ, नऊला आर्थर सीट, दुपारी वेण्णा तलाव, बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त आणि रात्री घरचं अंथरूण. या वेळापत्रकात खंबाटकी घाट नसतो, जोडून आलेल्या सुट्ट्या नसतात आणि मागच्या सीटवरच्या चिरंजीवांचं पोट तर मुळीच नसतं.

प्रत्यक्षात सुरूर फाट्यालाच दहा वाजतात. मग घाई. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीला चालत्या गाडीतूनच हात जोडले जातात. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा ‘पुढच्या वेळी नक्की’. ज्या वाईत तर्कतीर्थांनी मराठी विश्वकोश उभा केला, तिथे काच खाली होते ती एकाच जिज्ञासेपोटी : स्वच्छतागृह कुठे आहे हो?

पुढे पसरणी घाट. पाचगणी अवघी बारा-तेरा किलोमीटर, पण पुढच्या गाडीचा नंबर पाठ होईपर्यंत ती येत नाही. थंड हवेसाठी साडेचार हजार फूट उंचीवर जायचं आणि काचा बंद करून एसी लावायचा!

परतीच्या डिकीत स्ट्रॉबेरी असतेच. ती पुण्यातल्या चौकातही मिळते म्हणा. पण तिथली आपल्याबरोबर घाट चढून-उतरून थोडीच आलेली असते? शहाण्याने वाईतच उतरून कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसावं. अडचण एकच, ‘वाईपर्यंतच गेलो’ असं स्टेटस कोण ठेवणार?