तूर्त एवढं पुरे

आमच्या मामाने आयुष्यात कुठलीही गोष्ट धड वस्तूने सुरू केलेली नाही. पोहायला शिकला तो पाठीला डबा बांधून, पण डबाही गळका. बॅडमिंटन शेजाऱ्यांनी टाकायला काढलेल्या रॅकेटने. "आधी जमतंय का बघू. तूर्त एवढं पुरे." त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी डॅलसमध्ये त्याने पेडल स्टील गिटार घेतली, तेव्हा ती जुनी आणि विद्यार्थ्यांसाठीची असणार हे आम्ही पुण्यात बसून ओळखलं. साडेसहाशे डॉलर. दहा तारा, तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचा लीव्हर एकच. एरवी असे चार-पाच असतात.

"उरलेले नंतर लावू."

अमेरिकन कंट्री गाण्यांत मागे एक वाद्य हुंदका गिळत वर चढतं ना, ते हे. १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली'त बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर वर खेचला आणि बाकीचे स्टीलवाले पेडलांच्या मागे लागले. ही गोष्ट मामा चहाला आलेल्या प्रत्येकाला सांगतो. पाहुणा मराठी असला की पुढे रेडिओवरची सुनील गांगुलींची हवाईयन गिटार, आणि चहा संपेपर्यंत १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'तले ब्रिजभूषण काब्रा. "म्हणजे आपलंच वाद्य रे हे!"

कामानिमित्त मी दोन महिने त्याच्याकडे राहिलो. मामा वाद्याशी बसायचा तो शिलाई मशीनशी बसावं तसा. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या. पडदे नसतात, नुसत्या रेघा. कांडी बरोबर रेघेच्या डोक्यावर आली तर सूर, नाहीतर मांजर. त्यात मामाचा चष्मा बायफोकल. मान हलली की रेघ हलायची.

पण हे सगळं वाजवायची वेळ आली तर. मामाचा खरा रियाज वाद्याखाली चाले. दहा तारा सुरात लावायच्या, मग प्रत्येक पेडल दाबून ते ज्या तारा ओढतं त्या पुन्हा लावायच्या, मग लीव्हरच्या. त्याच्या वाद्यावर एकूण अठरा ठिकाणी पिळायचं. सतरावं जमेपर्यंत एसी सुरू व्हायचा, तारा आखडायच्या आणि मामा परत पहिल्यावर. रविवारी सकाळी गालिच्यावर त्याचे फक्त पाय दिसत. आतून आवाज येई, "टॉर्च जरा डावीकडे!"

मामी विचारायची, "अहो, आज वाजणारे, की दुरुस्तच व्हायचंय?"

खरी करमणूक नसलेल्या लीव्हरांची होती. ते पुढे लागणार म्हणून मामा आतापासूनच सवय करत होता. लीव्हर असता तर जिथे असता तिथे गुडघा मारायचा, हवेत. ही सवय वाद्यावरून उठून घरभर फिरली. जेवताना टेबल हले, आमटी डुचमळे. सत्यनारायणाला मांडी घालून बसला तरी एक गुडघा फडफडतोय. "बसल्या जागी पाय हलवू नयेत, लक्ष्मी जाते," मामी म्हणाली. मामा म्हणाला, "साडेसहाशे गेलीच आहे."

चुकलं की दोष त्या नसलेल्या लीव्हरांचा. "इथे तो डावा हवा होता." आम्ही माना डोलवायचो. मला काय कळतंय?

आणि एके शनिवारी मामाच्या ऑफिसातला एक जुना सहकारी आला. सत्तरीचा, चर्चमध्ये वाजवणारा. मामाने आधीच बजावलं, यावर काही होत नाही, एकच लीव्हर आहे. म्हातारा हसला आणि बसला. पेडलांपलीकडे त्याने फार काही वापरलंसुद्धा नाही. पहिली दोन पेडलं हळूहळू एकदम दाबली. गंधार सरकून मध्यमावर गेला, पंचम धैवतावर, आणि षड्ज मधे उभा होता तसाच उभा. स्वयंपाकघरात मामीने मिक्सर बंद केला.

म्हातारा गेल्यावर मामा दोन दिवस गप्प. टॉर्चही नाही मागितला. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाला, "त्याचे गुडघे लांब आहेत."

मी परत आलो. गेल्या आठवड्यात रात्री अकराला व्हिडिओ कॉल. मामाचा चेहरा घामेजलेला, मागे वाद्य उताणं. "दुसरा लीव्हर लावला! चाळीस डॉलरला मिळाला, जरा वाकडा आहे, पण तूर्त..."

"वाजवून दाखव ना."

"थांब की. आता वीस ठिकाणी लावायचंय," म्हणाला, आणि फोन गालिच्यावर ठेवून आत शिरला. बराच वेळ मला छत दिसत होतं. मग मामीचा हात आला, त्यात टॉर्च होता.