चिकूवरून नेवार्क

लेक अमेरिकेत गेल्यापासून मनोरच्या मस्तान नाक्यावर माझा भाव वधारला आहे. टपरीवर कोणी नुसतं "लांब असेल ना हो?" म्हणायचा अवकाश, मी कप खाली ठेवतो. "मुंबई-नेवार्क साडेबारा हजार किलोमीटर. जाताना सोळाएक तास, येताना चौदा-पंधरा." हा फरक का, हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारून घेतो. वर दहा किलोमीटरवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतो. येणाऱ्या विमानाला मागून ढकलतो, जाणाऱ्याच्या छातीवर बसतो. तोवर ऐकणारा पालघरच्या एसटीत चढलेला असतो.

पण माझा हुकमी एक्का चिकू. नकाशात नेवार्क पश्चिमेला, मग जवळची वाट पार आइसलंड-ग्रीनलंडच्या अंगाने का? घोलवडचा चिकू घ्यावा, कडक. पोटाच्या जरा वर लवंग टोचावी, ती मुंबई. पलीकडच्या अंगाला, आणखी वर, दुसरी, ते नेवार्क. मध्ये दोरा ताणावा. दोरा पोटावरून जातच नाही, आपसूक देठाकडे सरकतो! नारळावरही करून पाहिलंय. शेंडी आडवी येते. मोसंबं घरंगळतं. चिकूला तोड नाही. लेक पहिल्यांदा निघाली त्या रात्री तिलाही दाखवलं. ती बॅगेचं वजन करत होती, मला दोरा सोडवत नव्हता. "अहो, लवंगा डब्यात टाका परत," एवढंच बायको म्हणाली.

यंदा नाताळात ती यायची म्हणून आठवडाभर आधी शेजारच्या पोराला प्रयोग पुन्हा दाखवला. चिकू मग तांदळात पिकत पडला.

विमान रात्री साडेनऊला. मनोर ते सहार विमानतळ ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. मी साडेचारलाच निघालो, "तू बाहेर येशील तेव्हा मी दारात" असं कळवूनही टाकलं. वसई फाट्याच्या अलीकडे हायवे थिजला. शेजारी कंटेनर, त्याच्या शेजारी अॅम्ब्युलन्स. सायरन वाजवून थकलेला ड्रायव्हर खाली उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत होता. मागच्या काचेतून सलाइनची बाटली वर धरलेला बांगड्यांचा हात दिसत होता. थोड्या थोड्या वेळाने डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा. आमच्याकडे जिवावर बेतलं की मुंबईला न्या, नाहीतर वलसाडला. त्यातला हा मुंबईचा रस्ता. किलोमीटर तेवढेच असतात. ती गाडी कशीबशी कडेने निघेपर्यंत माझ्या तोंडून एकही आकडा निघाला नाही.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मेसेज आला: "बाबा, उतरले. वारा मागून होता." मी वर्सोवा पुलावर. हिशेब केला, या वेगाने तिला नेवार्कहून यायला दीड महिना लागला असता.

सव्वादहाला पोचलो. पोर ट्रॉलीला टेकून पेंगत होती. गाडीत बसल्या बसल्या आईने दिलेला डबा तिने उघडला, चिकू चावला आणि थांबली. जिभेवरून काहीतरी काळं काढून माझ्यासमोर धरलं.

"बाबा, ही मुंबई की नेवार्क?"