पुढे चाल

माझ्या कपाटात एक प्रमाणपत्र आहे. जिल्हास्तरीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा, प्रथम क्रमांक. या विजेतेपदाचा तपशील असा: खेळलेले सामने शून्य, काढलेल्या धावा शून्य, पराभव शून्य. जगातल्या कुठल्याही आकडेशास्त्र्याने माझी टक्केवारी काढून दाखवावी.

त्याचं असं झालं, 1 जुलै 1998 ला धुळ्यातून फुटून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. मोठ्या माणसांना कलेक्टर कचेरी घराजवळ आल्याचा आनंद. आम्हा नववीतल्या पोरांना मिळाला तो 'जिल्हास्तर'. तोवर धुळ्याला जायचं, पहिल्या फेरीत मार खायचा आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत यायचं, हा शिरस्ता. आता जिल्हाच आपला. आमच्या पी.टी.च्या सरांनी सगळे खेळ चाळले आणि नाव दिलं सॉफ्टबॉलला. हा बेसबॉलचा धाकटा भाऊ, चेंडू मात्र थोरल्यापेक्षा मोठा. तो निवडण्याचं कारण एकच, दुसऱ्या कुठल्याही शाळेने नाव दिलेलं नव्हतं. ठरल्या दिवशी आम्ही नऊ जण मैदानावर अर्धा तास ऊन खात उभे राहिलो. समोर कुणीच नाही. पंचांनी घड्याळ पाहिलं, कागदावर 'पुढे चाल' असं लिहिलं आणि आम्ही जिल्ह्याचे अजिंक्यवीर झालो.

मी ओशाळून घरी आलो तर मामाला हे अजिबात गैर वाटलं नाही. मामा मिरचीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी. आठवडाभर पथारीवर वाळणाऱ्या मिरचीची पोती मोजायची आणि रविवारी टेनिस बॉलच्या सामन्यांत स्कोअर लिहायचा. दोन्ही कामं एकाच लाल वहीत, त्यामुळे कधी कधी एखाद्या गोलंदाजाच्या नावापुढे साडेतीन क्विंटल निघायचे. तो म्हणाला, "तू खेयनाच नही, ते हारशी कसा?"

पण 'पुढे चाल' या दोन शब्दांनी मामाचंही एक जुनं दुखणं उघडं पडायचं. भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. रणजी तेव्हा बाद पद्धतीची होती. हरलात की घरी. निंबाळकर 494 मिनिटं खेळले आणि 443 वर नाबाद होते. 49 चौकार, एक षटकार. सोबत के. व्ही. भांडारकरांच्या 205, दोघांची भागी 455. महाराष्ट्राच्या 4 बाद 826. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम 452, म्हणजे हव्या होत्या फक्त दहा. बरोबरीला नऊ. आणि मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सांगितलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि खरोखरच ते चालते झाले. मधल्या सुट्टीत दप्तर उचलून घरी पळणारी पोरं आमच्याही वर्गात होती, पण त्यांची नोंद क्रिकेटच्या इतिहासात झाली नाही.

"दोन चौके आन दोन एकेरी," मामा बोटं मोजायचा, "दहा मिनिटांचं काम." राजकोटचा पेढा मामाने आयुष्यात तोंडात घातला नाही. मधुमेह नंतर झाला, बहिष्कार आधीचा. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही याचाही राग तो त्याच खात्यावर मांडायचा. प्रथम श्रेणीत त्या 443 च्या पुढे आजवर एकही भारतीय गेलेला नाही, हे सांगून त्याचं समाधान व्हायचं नाही. दहाची उधारी ती उधारीच.

त्याच मोसमात, मार्च 1949 मध्ये, पुण्यातच उपांत्य सामना झाला. मुंबई 651, महाराष्ट्र 407, मुंबई पुन्हा 8 बाद 714. महाराष्ट्राला जिंकायला 959 हवे होते. नऊशे एकोणसाठ! शहाण्या माणसाने हा आकडा ऐकून टांगा बोलावला असता. महाराष्ट्राने 604 काढल्या आणि 354 धावांनी हरला. एकूण 2376 धावा, नऊ शतकं. त्यात फडकर, उदय मर्चंट आणि रेगे यांची दोन्ही डावांत एकेक. मामा म्हणायचा, ह्याला म्हणतात खेळणं, मधून उठून कुणी गेलं नाही. मला मात्र प्रश्न पडायचा तो स्कोअररच्या बोटांचा.

खरं सांगू का? मी ठाकोरसाहेबांच्या बाजूचा आहे. मामासमोर हे कधी बोललो नाही, कारण जेवायला त्याच्याकडेच होतो. पण विक्रम म्हटला की आपण करणाऱ्याकडे बघतो. तो ज्याच्यावर होतो, त्याचं काय? 28 नोव्हेंबर 2022 ला विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात आमच्या ऋतुराज गायकवाडने अहमदाबादला एका षटकात सात षटकार मारले. षटक 49 वं, गोलंदाज उत्तर प्रदेशचा शिवा सिंग. चार षटकार बसले, पाचवा चेंडू नो बॉल पडला आणि त्यावरही षटकार. म्हणजे पाच खाल्ले आणि हिशेबात चेंडू भरले चारच! तो बिचारा परत मागे गेला, परत धावत आला, परत खाल्ला. एकूण 43. गायकवाड नाबाद 220. मामा तेव्हा थकला होता, तरी मोबाइल नाकाशी धरून त्याने पहिल्यांदा नो बॉलचा एक मिळवून बेरीज तपासली. माझं लक्ष त्या गोलंदाजाच्या पायांकडे. ठाकोरसाहेब असते तर पाचव्यालाच बग्गी जोडली असती.

(असाच एखादा षटकार आमच्या नवापूर स्टेशनावर मारला तर? ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत; एका बाकड्यावर दोन राज्यं बसतात. चेंडू टोलवायचा महाराष्ट्रात, शोधायचा गुजरातेत. मामाच्या वहीत याला रकाना नव्हता.)

अमेरिकेत तर पीडितांचीही पक्की वही असते. 8 ऑक्टोबर 1956, बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, पाचवा सामना. यांकीजच्या डॉन लार्सनने डॉजर्सचे 27 फलंदाज ओळीने परत पाठवले. एकालाही पहिल्या तळापर्यंत पोचू दिलं नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये असा सामना त्याच्याआधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही. हाच लार्सन दोन वर्षांपूर्वी एका मोसमात 21 सामने हरला होता आणि जिंकला होता तीन. पण माझा माणूस तो नव्हे. माझा माणूस सत्ताविसावा: डेल मिचेल. चारेक हजार वेळा फलंदाजी करून जो उभ्या कारकिर्दीत जेमतेम 119 वेळा तीन स्ट्राइकवर बाद झाला, तो जगाला ठाऊक आहे त्या एका स्ट्राइकसाठी. शेवटचा चेंडू त्याने सोडला आणि पंचांचा हात वर गेला. चेंडू बाहेर होता, हे तो नंतर सांगत राहिला.

माझा त्याच्यावर विश्वास आहे, कारण नववीच्या त्या वर्षी आम्ही विभागीय स्पर्धेला गेलो होतो. सुरत-भुसावळ पॅसेंजर, डब्यात मिरचीची पोती, जिल्हाविजेते शिंकत शिंकत उतरले. समोरचा संघ खराखुरा होता. त्यांच्याकडे हातमोजेसुद्धा प्रत्येकाला होते. त्यांचा पिचर किडमिडीत, ओठावर मिसरूड नाही, पण हात खालून असा फिरायचा की चेंडू दिसण्याआधी मागच्याच्या मोज्यात वाजायचा. आमचे पहिले तीन गेले, दुसरे तीन गेले. आम्हाला वाटलं नियमच तसा असेल.

पूर्ण सामना सात डावांचा. सातही डाव झाले असते आणि आमचे 21 ओळीने गेले असते, तर त्या पोराच्या नावावर लार्सनचा शालेय अवतार लागला असता. पण धावांचा फरक सात किंवा त्याहून जास्त झाला की पाच डावांत खेळ आटोपता घेतात, आणि फरक तर केव्हाच मोजण्यापलीकडे गेला होता. पंधरावा फलंदाज मी. म्हणजे मी बाद झालो की सामना संपणार, आणि त्या पोराचे सहा बळी कायमचे उधार राहणार. मला निंबाळकर आठवले. एका क्षणी वाटलं, कशीतरी बॅट लावावी. दुसऱ्या क्षणी वाटलं, राजकोटची गाडी किती वाजता असते?

पहिला चेंडू दिसला नाही. दुसरा ऐकू आला. तिसरा मी ठरवून सोडला. पंचांचा हात वर गेला, सरांनी किट आवरायला घेतलं, आणि तो पोरगा माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मीच उठून घरी चाललो होतो.

मामाने घरी वही उघडली. माझ्या नावापुढे लिहिलं, दोन वेळा फलंदाजी, सहा चेंडू, शून्य.

"मामा, शेवटचा बाहेर होता."

मामाने चष्म्यावरून पाहिलं, आणि शून्याचा गोल आणखी ठळक केला.

बाहेरच होता तो. चांगला वीतभर.