गोल सोडून बोला

भारतीय हॉकी संघ हरला तर मला फारसं वाईट वाटत नाही. खेळ म्हटला की हारजीत आलीच. वाईट वाटतं ते सामना संपल्यावर टीव्हीवर आकड्यांचा तक्ता येतो तेव्हा. चेंडूवरचा ताबा आपला जास्त. डीमध्ये शिरलो आपण जास्त. पेनल्टी कॉर्नर आपले दुप्पट. हे वाचून छाती फुगते न फुगते तोच नजर वरच्या कोपऱ्यात जाते. तिथे गोल लिहिलेले असतात. तेवढे मात्र समोरच्यांचे जास्त असतात.

हॉकीत एक जाचक नियम आहे. गोलापुढे 14.63 मीटरवर आखलेल्या त्या डीच्या आत येऊन फटका मारला, तरच गोल धरतात. आपल्या पोरांना शिरण्याचं वावडं नाही. शिरण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण तहसील कचेरीत शिरणं वेगळं आणि सातबारा हातात घेऊन बाहेर पडणं वेगळं. आपला फॉरवर्ड उजव्या बगलेनं सुसाट निघतो, दोघांना चकवतो, बेसलाइन गाठतो. समोर एकटा गोलकीपर. आता फक्त मारायचं! नेमकी याच वेळी तिसऱ्यालाही चकवावं अशी त्याला बुद्धी होते. तिसरा चकतोही. चौथा चेंडू घेऊन जातो. समालोचक म्हणतो, अतिशय देखणी चढाई!

या देखणेपणाचा आमच्या घरात सर्वांत जास्त त्रास होतो तो बाबांना. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. ज्या माणसाचं उभं आयुष्य दारूगोळा करण्यात गेलं, त्यानं न उडणारे बार किती बघायचे? त्यात खडकी म्हणजे धनराज पिल्लेचं गाव. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक खेळलेला माणूस! खडकीत सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, त्यानं धनराजला पोरवयात मोडक्या स्टिकनं खेळताना पाहिलेलं असतं आणि ‘हा पुढं जाणार’ हे तेव्हाच सांगितलेलं असतं. बाबा त्यातले अग्रगण्य.

पंचांनी दोन्ही हात गोलाच्या दिशेनं केले, म्हणजे पेनल्टी कॉर्नर दिला, की आमच्या घरात धावपळ सुरू होते. बाबा चष्मा पुसतात. आई देवघराकडे एक नजर टाकते. बायको आतून विचारते, “अहो, कुकर बंद करून येऊ का?” ये म्हणायला हरकत नसते, कारण वेळ भरपूर असतो. बचाव करणारे पाच जण गोलरेषेमागे मुखवटे चढवतात, गुडघ्यांना कवचं बांधतात. त्यांचे बाकीचे गडी मैदानाच्या मध्यापलीकडे पिटाळले जातात. आपले वीर तोंडापुढे हात धरून कानगोष्टी करतात. गुप्त बेत ठरतो. मग एकजण बेसलाइनवरून चेंडू ढकलतो, दुसरा डीच्या बाहेर तो अडवतो, तिसरा ड्रॅग फ्लिक मारतो. सगळं दोन सेकंदांच्या आत.

यात घोटाळ्याला जागा तीन, आणि आपण एकही रिकामी ठेवत नाही. ढकललेला चेंडू उसळतो. उसळला नाही तर अडवणाऱ्याच्या स्टिकखालून निसटतो. दोन्ही नीट जमलं, तर समोरून जिवावर उदार होऊन धावत आलेला त्यांचा पहिला रशर तो फ्लिक पायावर घेतो. तो कळवळतो, पंच पुन्हा कॉर्नर देतात, बाबा पुन्हा चष्मा पुसतात. असं तीन-चारदा झालं की कुकर होतो, चष्मा लख्ख होतो आणि तक्त्यातले आपले पेनल्टी कॉर्नर दुप्पट होतात.

याचं खापर फ्लिक मारणाऱ्या हरमनप्रीत सिंगवर फोडायची माझी तयारी नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं 10 गोल केले, स्पर्धेत सर्वांत जास्त. स्पेनला 2-1 असं हरवून आपण कांस्यपदक घेतलं, त्यातले दोन्ही गोल त्याचेच आणि दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर. त्याला लोक सरपंच म्हणतात ते उगाच नव्हे. अडचण सरपंचांची नसून गावाची आहे. डीत शिरायचं, समोरच्याच्या पायाला चेंडू लावायचा, कॉर्नर मिळवायचा आणि सरपंचांसमोर ठेवायचा, हाच अख्ख्या गावाचा उद्योग. सरपंचांचा दिवस वाईट निघाला की कारभार ठप्प. आणि सरपंच कुठल्या कोपऱ्यात मारतात याच्या चित्रफिती बेल्जियमपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळे घोकून येतात.

“फील्ड गोल करा की रे!” बाबा टीव्हीला सांगतात. टीव्ही ऐकत नाही.

बाबांचं खरं दुखणं 1932 सालचं आहे. तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता, पण दुखणं तिथलंच. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये आपण अमेरिकेला 24-1 असं हरवलं. रूपसिंगचे 10, त्याचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे 8. बाबा हा सामना काल संध्याकाळी बघून आल्याच्या थाटात सांगतात आणि सांगता सांगता अमेरिकेच्या त्या एका गोलावरून आपल्या बचावफळीला झापतातही. ज्या देशानं एका सामन्यात चोवीस गोल केले, त्याला आता साठ मिनिटांत दोन जमू नयेत? मी कृत्रिम टर्फचा मुद्दा काढतो. 1976 ला माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये टर्फ आलं, खेळात नजाकतीपेक्षा वेग आणि ताकद मोठी झाली, आणि आपण सातवे आलो. बाबा म्हणतात, “टर्फ त्यांच्याही पायाखाली असतंच ना?” इथे चर्चा संपते.

बाबांच्या डोक्यात न झालेल्या गोलांची एक वही आहे. सिडनी, 2000: पोलंडविरुद्ध 1-0 ने पुढे, उपांत्य फेरी दारात उभी. आणखी एक गोल घालून दार लावून घ्यायचं, तर तो झाला नाही. शेवटी शेवटी पोलंडनं बरोबरी केली आणि आपण बाहेर. 2023 चा विश्वचषक, घरच्या मैदानावर: राउरकेलाला इंग्लंडशी 0-0. पुढे गटात पहिलं यायला वेल्सला आठ गोलांच्या फरकानं हरवायचं होतं. आम्ही जिंकलो 4-2. मग न्यूझीलंडविरुद्ध आधी 2-0, नंतर 3-1 अशी आघाडी, तरी 3-3, आणि शूटआउटमध्ये गारद. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दही घेतलं नाही.

वहीचं सर्वांत भरगच्च पान जून 2025 चं. प्रो लीगच्या युरोपातल्या टप्प्यात आपण ओळीनं सात सामने हरलो. नेदरलँड्स, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया, प्रत्येकाकडून दोन-दोनदा, आणि हे सहाही सामने एका गोलानं! 1-2, 2-3, 3-4, पुन्हा 1-2, मग सलग दोनदा 2-3. सातव्यात बेल्जियमनं 6-3 असा समाचार घेतला, तेव्हा घरात चक्क हायसं वाटलं. निदान ‘एक गोल असता तर’ हे वाक्य त्या दिवशी कोणाला म्हणता आलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये राजगीरला आशिया चषक झाला. आपण तो जिंकलो, पण मला सांगायचंय ते कझाकस्तानच्या सामन्याबद्दल. 15-0! फील्ड गोल झाले, कॉर्नरवर झाले, एकावर एक होत राहिले. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी नाचायचाच बाकी होतो. बाबा मात्र वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी मांडत बसले होते.

“काय उधळपट्टी ही!” ते म्हणाले. “हेच पंधरा जूनमध्ये वापरले असते तर? सहा सामन्यांना दोन-दोन दिले की बारा. सहाही जिंकलो. राहिले तीन. ते बेल्जियमला लावले की सहा-सहा.”

हिशेब चोख होता. मी म्हटलं, “म्हणजे सातपैकी एकही हरलो नसतो.”

“कुठलं?” बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. “प्रो लीगमध्ये बरोबरी झाली की शूटआउट असतं. तिथं पुन्हा गोलच करायचे असतात.”