दगडाचा हवालदार

(रंगमंचावर एक खुर्ची. मागे दगडी कमानीची सावली.)

मंडळी, बावन्न दरवाजांच्या या छत्रपती संभाजीनगरात वाहतुकीचा खरा हवालदार कोण? पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा! शिट्टी नाही, पावतीपुस्तक नाही. पण कमानीत शिरताना भलाभला गाडीवाला ब्रेक दाबतो, समोरच्याला म्हणतो, ‘या, तुम्ही आधी.’ कारण तो दगड आहे. दगडाला ‘मी कोण आहे माहितीय का?’ विचारून उपयोग नसतो. हाच सभ्य गृहस्थ रात्री साडेदहाला कॅनॉटच्या बाजारात बघा. कुल्फी दोन, गाडी एक, जागा चौघांची. गाडी तिरपी लावून दिवे लुकलुकते ठेवले, की रस्ता आजोबांच्या नावावर! उलट्या बाजूनं बुलेट घालणारा वर तुमच्यावरच डोळे वटारतो. रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत हॉर्नला मनाई आहे, आणीबाणी सोडून. आणि आपली आणीबाणी म्हणजे सिग्नल हिरवा झाला, तरी पुढचा अजून हलला नाही.

यावर ठरलेला उपाय येतो : ‘दहाला शटर पाडा!’ अहो, शटर पडलं की पानवाला जातो, भेळवाला जातो, उजेड जातो. उरतो मोकळा जालना रोड आणि त्यावर शर्यत लावणारे. रस्ता सुरक्षित राहतो तो दुकानदारांच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांमुळे, हे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स १९६१ सालीच लिहून गेल्या. रात्री एकट्या घरी निघालेल्या मुलीला भेळेची गाडी चालू असलेली बरी, का बंद? ‘मग दंड वाढवा!’ वाढवलाय की, २०१९ मध्ये. पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये. पण आकड्याला कोण भितो? सापडू, याची भीती. ‘पोरांचं रक्त गरम असतं हो!’ असेल. अल्पवयीन पोराच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे. (थांबून, हळू) पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे एका गाडीच्या धडकेत दोन जीव गेले. ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या जामिनाला आधी अट होती, ३०० शब्दांचा निबंध. इथे मला विनोद सुचत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, ‘पोलिस पुरणार किती?’ नाहीच पुरणार! म्हणून तर म्हणतो, दगड लावा. उंच पदपथ, कडेला खांब, मधे दुभाजक, वळणावर रस्ता अरुंद. खांबाची ड्युटी संपत नाही, खांबाला कुठल्या साहेबाचा फोन येत नाही. ‘गाड्यांचा वेग कमी होईल’ म्हणता? मग मी काय मघापासून आरती म्हणतोय?

(घड्याळ बघत) असो. दहाला पाच कमी आहेत. बाहेर फाटक एकच. ज्यांना हॉर्न वाजवायचाय, त्यांनी आत्ताच निघा.