माझ्या डोक्याच्या मानद विश्वस्त मंडळास

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार व समस्त आजीव सभासद,
माझ्या डोक्याचे मानद विश्वस्त मंडळ
(शाखा : मारुती मंदिर, साळवी स्टॉप, राम आळी, मांडवी, तसेच आमच्या वाडीतल्या सगळ्या ओट्या आणि पडव्या),
रत्नागिरी.

विषय : माझ्या केसांबाबत वेळोवेळी झालेल्या तोंडी विचारणांचा एकत्रित खुलासा.
संदर्भ : आपले शेरे, टोमणे, उसासे, आणि एस.टी.त मागच्या सीटवरून झालेली चर्चा.

स.न.वि.वि.

माझ्या डोक्याचा कारभार आपल्याकडे कधी आला याचा कागद माझ्यापाशी नाही. सातबारा काढून बघावा म्हटलं, तर डोक्याचा सातबारा निघत नाही. पण कोकणातल्या सामाईक बागेला नसतील एवढे हिस्सेदार माझ्या केसांना आहेत, हे ड्रेडलॉक्स ठेवल्यापासून ध्यानात आलं. पगार पुरतो का, घराचा हप्ता कुठवर आला, रक्तदाब कसा आहे, यातलं एकही मंडळाने आजवर विचारलेलं नाही. केसांची चौकशी मात्र रोज होते, आणि तीही आस्थेने. त्या आस्थेपोटीच हे पत्र.

मंडळात सरळ दोन तट आहेत, असं दिसतं. एकाच्या मते माझ्या अंगात देवी आली आहे, दुसऱ्याच्या मते गांजा. तिसरी शक्यता विचारार्थ घ्यावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

देवी-पक्षाची कामाची पद्धत मला जास्त आवडते, कारण त्यात थोडी मिळकत असते. रहाटाघर स्टँडवर घाटावरून आलेल्या एका आजींनी मला वाकून नमस्कार केला, हातावर दहाची नोट ठेवली आणि सुनेला दिवस कधी जातील ते विचारलं. मी म्हटलं, आजी, मी आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात कामाला आहे, आमरसातली साखर मोजते. आजी समजुतीने हसल्या. म्हणाल्या, “देवी अशीच लपते गं बाई.” नोट परत घ्यायला काही तयार होईनात. शेवटी सोबतच्या त्यांच्याच नातवाला त्या नोटेचं कोकम सरबत पाजलं.

गांजा-पक्ष वयाने तरुण आणि स्वभावाने भाबडा. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बसलं की हळूच कुणीतरी शेजारी येतं आणि खालच्या आवाजात विचारतं, “ताई, माल आहे?” आधी ताई, मग माल. संस्कार टिकून आहेत म्हणायचं. माझं व्यसन विचाराल तर चहा, तोही आल्याचा. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो की एखाद्या दिवशी त्याचं मन राखायला खोटं बोलावंसं वाटतं.

या दोन्ही तटांच्या डोक्यावरून जाणारे एक काकाही मंडळावर आहेत. ते विवेकवादी आहेत. त्यांनी घरी येऊन जटेच्या अंधश्रद्धेवर मला तासभर समजावलं, एक पुस्तिका दिली, आणि जाताना कात्री आहे का विचारलं. मी म्हटलं, काका, यात देव नाही, धर्म नाही, नवसही नाही. मी स्वतः पैसे देऊन करून घेतलेत. काका गोंधळले. “मग का?” म्हणाले. त्या प्रश्नात इतका खरेपणा होता की आता सगळ्यांनाच एकदा सांगून टाकते.

माझे केस जन्माचे कुरळे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जो पडत नाही तो हवेत लटकून राहतो. केस गरम पट्टीने सरळ केले की केराटिनमधले हायड्रोजनचे बंध सुटून नव्या जागी बसतात, आणि ओलावा लागला की पुन्हा सुटतात. हे शास्त्र मी पुढे वाचलं. अनुभव आधीच होता : पार्लरमधून सरळ निघालेले केस घराची पायरी चढेपर्यंत मूळ पदावर आलेले असत.

त्याआधीची वर्षं फणीखाली गेली. रविवारी सकाळी शिकेकाई, मग आईच्या दोन गुडघ्यांमध्ये मी, “मान सरळ धर” आणि पाठीत धपाटा. शाळेत वर बांधलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. एक बट सुटली की नाव ‘झिपरी’. पुढे सीरम, मास्क, तेल, क्लिपा, चिमटे. बायकांच्या केसांवर जेवढा वेळ खर्ची पडतो तो कुणी मजुरीच्या दराने मांडत नाही, म्हणून तो फुकट वाटतो. मी कारखान्यात मोजमापाचंच काम करते. मला तो फुकट वाटेना. तेव्हा ठरवलं, जो गुंता मी जन्मभर सोडवत बसले, तो आता राहू द्यावा. तोच आपण होऊन कुठे जायचं ते जाईल.

कारण एवढंच. मला माहीत आहे, हे मंडळाला पुरणार नाही. पोरीबाळींनी डोक्यावर काही वेगळं केलं तर त्यामागे प्रेमभंग, नवस, परदेशी मित्र किंवा निदान मानसिक आजार तरी असायला हवा. ‘मला असं आवडतं’ या वाक्याला आपल्या इतिवृत्तात रकानाच नाही.

ते केले कुठे, हाही प्रश्न येतो. गोव्यात, हरमलला. केसांचे चौकोनी भाग पाडतात, प्रत्येक बट उलट्या बाजूने विंचरून फुगवतात आणि मग क्रोशाच्या बारीक सुईने आतल्या आत ओवून घट्ट करतात. होय, तीच सुई, जिने आपल्या घराघरातल्या टीव्हीवरचे रुमाल विणले गेले. रुमालाला कुणी हिप्पी म्हटल्याचं ऐकिवात नाही. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. आपले कंगव्यात जातात, माझे बटेतच राहतात. म्हणजे केस गळण्याच्या काळजीने ज्यांनी मला माक्याचं तेल सुचवलं, त्यांनी निर्धास्त असावं. गळलेले सगळे जागेवर आहेत.

तेलावरून आठवलं. या केसांना खोबरेल चोळत नाहीत, कारण ते आत अडकतं आणि धूळ धरून ठेवतं. कोकणात ही बातमी मी फार जपून सांगितली होती. माड ज्या जिल्ह्याला पोसतो तिथे डोक्याला खोबरेल नाही, हे ऐकून आमच्या मावशीला देवी आणि गांजा दोन्ही परवडले असते.

आणि नाही, या केसांना वास येत नाही. ते धुतले जातात. उवाही नाहीत. खरी अडचण आहे ती वाळवण्याची. आषाढात धुतलेली बट आतून सुकायला फार वेळ लागतो, आणि ओली ठेवून बांधली तर कुबट होते. म्हणून पावसाळ्यात मी सकाळी केस धुते आणि वीज असेल तोवर ड्रायर धरून बसते. कारखान्यात एकाऐवजी दोन जाळीच्या टोप्या घालते. मंडळाच्या एकाही सभासदाने आजवर केस वाळवण्याबद्दल विचारलेलं नाही. ज्ञानेच्छा असती तर हाच पहिला प्रश्न आला असता.

आता पुरुषांचं बघू. मार्लेश्वरचं लग्न आपण दर संक्रांतीला लावतो. नवरी साखरप्याची गिरिजादेवी. गर्दी किती, हौस किती. नवरदेव कोण, तर साक्षात जटाधारी शंकर, गळ्यात साप, अंगाला राख. या स्थळाच्या केसांबद्दल नवरीकडच्या एकाही माणसाने आजवर चकार शब्द काढलेला नाही. माझ्यासाठी मात्र आपण आणलेल्या प्रत्येक स्थळाची एकच अट असते : “तेवढे केस उतरवले तर.” गंगेलाही ज्या जटांत राहायला जागा मिळाली त्या पूज्य, आणि माझ्या असल्या की पाहुण्यांसमोर पदर घे. असो. देवाची बरोबरी करायची नाही, एवढं मला कळतं.

मांडवीची पोरं ज्याच्या नावाने मला हाक मारतात, त्या जटाधारी गायक बॉब मार्लेचंही सांगून टाकते. तो जमैकाचा. तिथे १८४५ पासून मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जात होते, आणि गांजा तिकडे पोचला तो त्यांच्याबरोबर. मार्लेच्या रास्ताफारी पंथाच्या पहिल्या प्रचारकांतला एक, लेनर्ड हॉवेल, याने तर आपल्या पुस्तकावर ‘जी. जी. माराघ’ असं हिंदुस्थानी वळणाचं टोपणनाव घातलं होतं. तिथल्या जटांतही आपल्या साधूंचा काही वाटा असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. इतरांना ते पटत नाही. पण गंमत पुढेच आहे. खुद्द जमैकात २०१८ साली एका पाच वर्षांच्या मुलीला शाळेने केस कापून यायला सांगितलं. प्रकरण न्यायालयात गेलं. २०२० साली निकाल शाळेच्या बाजूने लागला आणि २०२४ मध्ये अपिलात तो फिरला. म्हणजे आपल्या मंडळाची तिकडेही शाखा आहे आणि तिचं काम जोरात चालतं. अभिनंदन.

मंडळ मुळात किती जुनं, तेही पाहून घ्यावं म्हणून थोडं मागे गेले. आमच्या माजघरात पणजीचा फोटो आहे. लाल आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि पदराखाली काही नाही. न्हावी मागच्या दाराने यायचा, असं आजी सांगे. पणजी तेव्हा विशीतही नव्हती. तिच्या डोक्यावर काय असावं, याचा निर्णय सासऱ्यांनी, भटजींनी आणि शेजाऱ्यांनी मिळून घेतला होता. एकमताने.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला. विश्वस्तांनी नाही ठेवला. तीन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. त्यावर मुरुडकरांनी ठराव करून त्यांना वाळीत टाकलं. पुढे १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा “आमच्या जिल्ह्यातले” म्हणायला मंडळ पहिल्या रांगेत असणार, याविषयी मला शंका नाही. वाळीत टाकायला आणि हार घालायला माणसं तीच पुरतात.

घाट चढून पलीकडे गेलं की नियम उलटा होतो. इथे काढा, तिथे काढू नका. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, आणि सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातलं यल्लम्मा देवीचं सौंदत्ती. बाळंतपणात नाहीतर आजारपणात एखाद्या बाईचं डोकं धुवायचं राहतं, एक गाठ बसते, आणि घरचं कुणीतरी म्हणतं : यल्लम्माने बोलावलं. मग हळदकुंकू लागतं आणि फणी बंद होते. पुढच्या वर्षांत ती गाठ वाढते, ओझ्याने मान दुखते, उवा होतात, जखमा होतात, उशीला नीट डोकं टेकत नाही. किती तरी मुलींना याच जटेपायी देवाला सोडलं गेलं. २००९ सालच्या ‘जोगवा’ सिनेमात मुक्ता बर्वेच्या सुलीचं तेच होतं. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आला, महाराष्ट्राने २००५ साली नवा केला. कायद्याने माणसं अडवता येतात, डोक्यातली भीती नाही. ती काढायला पुण्याच्या नंदिनी जाधवांसारखी माणसं लागतात. त्या पूर्वी ब्युटी पार्लर चालवत. तो व्यवसाय सोडून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात उतरल्या आणि आजवर दोनशेहून अधिक बायकांच्या जटा त्यांनी उतरवल्या आहेत. आधी बोलायचं, पुन्हा जायचं, घरच्यांना पटवायचं, आणि मग कात्री.

आमच्या विवेकवादी काकांना मी हेच म्हटलं. कात्रीला माझी हरकत नाही, पण पत्ता चुकलाय. जट बसलेल्या त्या बाईकडे निघालात तर मीही येते, पिशवी धरायला. मला रोज चार माणसं विचारतात, ‘का ठेवलेस?’ तिला जन्मात कुणी विचारलं नाही, ‘ठेवायचे आहेत का?’ माझे केस मी उद्या उतरवू शकते, न्हाव्याकडे गेले की अर्ध्या तासाचं काम. तिला तेवढ्यासाठी देवीची, नवऱ्याची, सासूची आणि गावाची परवानगी लागते. आणि मंडळाचा सगळा वेळ जातो माझ्यावर.

तरी मंडळाला मोकळ्या हाताने पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून काही सवलती देते. मोठ्या माणसांनी केसांना हात लावून बघायला हरकत नाही, आधी विचारावं. लहान मुलांनी विचारलं नाही तरी चालेल, ती ओढतातच. शिमग्यात पालखीपुढे नाचताना मी केस मोकळे सोडले तर त्याचा अर्थ वारं आलं असा लावू नये, घाम आला असा लावावा. देवीच्या नावाने मिळणाऱ्या नोटा यापुढे नातवाच्या सरबतावरच खर्च होतील. आणि माल विचारणाऱ्यांसाठी घरी आमरसाचे डबे आहेत. कारखान्यातल्या माणसांना सवलतीत मिळतात.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी केला तरी चालेल.

आपली,
डोक्याची तात्पुरती वहिवाटदार

ता. क. : पुढच्या महिन्यातल्या लग्नात ग्रुप फोटोच्या वेळी मला शेवटच्या रांगेत उभं करायचा ठराव झाल्याचं कानावर आलं आहे. माझी काही हरकत नाही. मात्र त्या दिवशी मी अंबाडा घालणार आहे, तो वीतभर उंच होतो, आणि शेवटच्या रांगेला फोटोग्राफर स्टुलावर चढवतो, एवढं मंडळाने ध्यानात घ्यावं.